दुपारच्या टीव्हीवरचं कोर्ट: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात भाड्याच्या घराचं डिपॉझिट या विषयावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एका ओळीत अमेरिकेतल्या टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या कोर्टाचा उल्लेख आला आणि या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आलीत. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच. पत्रं लांब होती, थोडी कापलीत, राग मानू नका.

वकीलताई, लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने न्यू जर्सीला होते. दुपारी बाळ झोपलं की मी जज जूडी लावायचे. इंग्लिश अर्धंमुर्धं कळायचं पण भांडण पूर्ण कळायचं! जावई म्हणतात ते सगळं नाटक आहे, लेक म्हणते खरं आहे. घरात यावरून रोज वाद. खरं काय ते सांगा.
— एक आजी, मिरज

आजी, भांडण खरं, माणसं खरी, पण कोर्ट खरं नाही. म्हणजे लेक आणि जावई दोघंही अर्धे बरोबर.

अमेरिकेत छोट्या रकमांच्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट असतं, त्याला स्मॉल क्लेम्स म्हणतात. तिथे वकील न घेता माणूस स्वतः उभा राहतो, थोडी फी भरतो आणि आपली बाजू सांगतो. या टीव्ही शोची माणसं अशा कोर्टांत दाखल झालेले दावे चाळत असतात, त्यात एखादं चटपटीत भांडण सापडलं, मैत्रिणीने उसने घेतलेले पैसे, कुत्रा चावला, लग्न मोडलं आणि अंगठी परत देत नाही, असलं काही, की दोन्ही पक्षांना फोन जातो की खरा दावा काढून घ्या आणि आमच्याकडे या. दोघं हो म्हणाले की एका करारावर सह्या होतात. त्या करारात असं असतं की समोर बसलेली बाई आमची लवाद, म्हणजे दोघांनी मान्य केलेली पंच, आहे आणि ती देईल तो निवाडा आम्हाला मान्य. म्हणजे कायद्याच्या भाषेत ते कोर्ट नव्हेच, ती लवादी आहे. काळा झगा, हातोडा, मागचा झेंडा, हा सगळा सेट.

तुम्ही बघितलात तो सेट हॉलिवूडमधल्या सनसेट ब्रॉन्सन स्टुडिओत होता, सुरुवातीला न्यूयॉर्कची दृश्यं दाखवायचे म्हणून बघणाऱ्याला वाटायचं हे न्यूयॉर्कचंच कोर्ट. मागे बाकांवर बसलेले लोकही पैसे देऊन बसवलेले. पण जूडी शाइंडलिन ही बाई मात्र खरी जज होती हो. जन्म 1942 चा, ब्रुकलिनचा. 1982 साली न्यूयॉर्कचे मेयर एड कॉच यांनी तिला जज नेमलं, चार वर्षांनी ती मॅनहॅटनच्या फॅमिली कोर्टाची मुख्य झाली. तिथे तिच्यासमोर टाकून दिलेली मुलं, मारहाण, बाप पैसे देत नाही, असली प्रकरणं यायची, आणि तिचा स्वभाव फटकळ म्हणून नाव झालं होतं. 1993 मध्ये आधी पेपरात आणि मग सिक्स्टी मिनिट्स या कार्यक्रमात तिच्यावर आलं, तिथून टीव्हीवाल्यांची नजर गेली. शो सप्टेंबर 1996 मध्ये सुरू झाला आणि 2021 पर्यंत 25 सीझन चालला, आता लागतात ते जुने भाग.

तो उंच, शांत माणूस, जो कागद हातात नेऊन द्यायचा, तो बर्ड, तोही पूर्वी तिच्याच खऱ्या कोर्टात ड्युटीला होता. तिकडे त्या कामाला बेलिफ म्हणतात. आपल्याकडे बेलिफ म्हणजे समन्स घेऊन दारात येणारा, जप्तीला येणारा माणूस, कोर्टात जजच्या शेजारी उभा राहणारा नव्हे. म्हणून पत्रात तुम्ही जे विचारलंत की बेलिफ एवढा वेळ रिकामा कसा, त्याचं उत्तर हे, शब्द तोच पण काम वेगळं.

मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमध्ये डिस्कशन झालं की या शोमध्ये हरणारा माणूस एवढा निवांत कसा असतो? बाहेर येऊन हसत हसत बोलतो. पैसे भरायचे असतात ना त्याला?
— विद्यार्थिनी, नागपूर

नाही. आणि तू अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस म्हणून मला हे उत्तर सगळ्यात मोठं लिहायचंय.

हरणाऱ्याला एक डॉलरही खिशातून द्यावा लागत नाही. निवाड्याची रक्कम शोचे निर्माते देतात, जज जूडीमध्ये ती जास्तीत जास्त 5,000 डॉलर होती. वर दोन्ही पक्षांना येण्याजाण्याचा खर्च, हॉटेल, आणि हजर राहिल्याचे थोडे पैसे. आता विचार कर, ज्याच्यावर खरंच देणं आहे आणि ज्याला माहितीये की मी खऱ्या कोर्टात हरणार, त्याला याच्यापेक्षा चांगला सौदा कुठे मिळेल? कर्ज दुसरा फेडतोय, विमानप्रवास फुकट, बदल्यात पंधरा मिनिटं देशासमोर बोलणी खायची. काहींनी तर भांडणच बनवलं. एका मित्रमंडळाने टीव्ही अंगावर पडून मांजर मेलं असा दावा रचला, शोमध्ये गेले, जिंकले, 2010 मध्ये तो भाग लागला, आणि तीन वर्षांनी त्यांनीच सांगून टाकलं की मांजराला काहीही झालेलं नव्हतं.

दुसरीकडे हे बघ की या सगळ्यात खरा पैसा कुठे जातो. शेवटच्या काही वर्षांत जूडीचं मानधन वर्षाला 4 कोटी 70 लाख डॉलर होतं, हे एका खटल्यात बाहेर आलेलं आहे, आणि शूटिंगचे दिवस वर्षाला साधारण 52. त्यापुढे भांडणाऱ्यांना दिलेले पाच हजार म्हणजे चहापाण्याचा खर्च.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. मी तीस वर्षं पुण्यात शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवले. एक बाई होत्या, विधवा, शिवणकाम करायच्या, शेजाऱ्याला चाळीस हजार हातउसने दिले होते, चिठ्ठी होती, सही होती, सगळं होतं. दावा लावला. तारीख, तारीख, प्रतिवादी गैरहजर, मग हजर, मग त्याचा वकील बदलला, मग पुरावा, उलटतपासणी, सहाव्या वर्षी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, आमच्या बाजूने. बाईंनी पेढे आणले. मला पेढा हातात घेताना कसंतरी झालं कारण मला माहीत होतं की आता वसुलीसाठी दरखास्त लावायची, आणि दरखास्त म्हणजे दुसरा दावाच. त्याच्या नावावर काहीच सापडेना, गाडी मेव्हण्याच्या नावावर, घर आईच्या. आणखी चार वर्षं गेली आणि निम्मे पैसे आले, तेही हप्त्याने.

प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळात आपली शेवटची अपिलं जायची त्या लंडनच्या कोर्टाने, 1872 साली एका निकालात म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात दावा लावणाऱ्याच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली त्या वाक्याला, तुला ते सिव्हिल प्रोसिजर शिकताना भेटेलच.

टीव्हीवरचं कोर्ट नेमकं हेच कापून टाकतं. वाट बघणं कापलं आणि वसुली विकत घेतली. उरतं ते फक्त निवाड्याचं सुख, कोणीतरी ऐकलं, कोणीतरी म्हणालं की तू बरोबर आहेस आणि तो खोटारडा आहे, लगेच, पंधरा मिनिटांत. लोक ते का बघतात हे मला चांगलं कळतं. माझ्या त्या बाईंना सहा वर्षांत त्या पंधरा मिनिटांइतकं सलग कोणी ऐकलं नव्हतं.

निवाडा टिकतो का असं तुझ्या मैत्रिणीने विचारलंय. करार आहे तेवढ्या बाबतीत टिकतो, लवादाचा निवाडा उलथवणं तिकडेही अवघड. पण करारात नसलेल्या गोष्टीला हात घातला की नाही टिकत. न्यूयॉर्कमध्ये एका प्रकरणात पैशाच्या भांडणासोबत जूडीने मुलांचा ताबा आणि भेट यावरही निर्णय दिला होता, तो भाग 1999 मध्ये तिथल्या खऱ्या कोर्टाने रद्द केला. मुलाचं काय व्हायचं हे लवाद ठरवू शकत नाही. आपल्याकडेही तसंच, बूझ ॲलन खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये यादीच दिलीये की गुन्हे, घटस्फोट, मुलांचं पालकत्व, भाडेनियंत्रणाखालच्या जागेतून बाहेर काढणं, असल्या गोष्टी लवादाकडे जात नाहीत. परीक्षेला येतं हे.

आमच्या हिला जज जूडी लोकांना कशी झापते ते बघायला आवडतं. मी शाळेत 34 वर्षं शिकवलं, मला ते बघवत नाही. न्यायाधीशाने असं बोलावं का? का मीच जुन्या वळणाचा आहे?
— निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, मीही तुमच्याच बाजूची आहे, आणि हे वळण जुनं वगैरे काही नाही.

या प्रकारातला पहिला मोठा शो होता द पीपल्स कोर्ट, 1981 चा. त्यात बसायचे जोसेफ वॉपनर, लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टातून निवृत्त झालेले जज. ते चिडायचे कधीतरी पण एकंदरीत ऐकून घेणारे, आजोबांसारखे. त्यांच्या आधी डिव्होर्स कोर्ट नावाचा कार्यक्रम 1957 पासून होता पण त्यात नटांकडून खटले वठवून घ्यायचे, खऱ्या माणसांचं खरं भांडण हे वॉपनरांपासून रुळलं. आणि ते इतके घरोघरी पोचले की 1989 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एक पाहणी केली तर 54 टक्के लोकांना वॉपनर ओळखता आले आणि त्या वेळचे अमेरिकेचे सरन्यायाधीश रेनक्विस्ट फक्त 9 टक्क्यांना! पुढे 2016 मध्ये एका पाहणीत कॉलेज शिकलेल्यांपैकी जवळजवळ 10 टक्के लोकांनी जज जूडी सुप्रीम कोर्टात आहे असं सांगितलं.

म्हणून मला हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा वाटत नाही. ज्याने आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही त्याच्या डोक्यात जज म्हणजे काय हे टीव्ही ठरवतो. मग तो खऱ्या कोर्टात येतो, समोरचे न्यायाधीश शांतपणे खाली मान घालून लिहून घेतायत, काही बोलत नाहीत, आणि याला वाटतं की यांना माझं पटलं नाही किंवा यांचं लक्षच नाही. माझ्याच पक्षकारांनी बाहेर येऊन मला विचारलंय, साहेब समोरच्याला काहीच कसे बोलले नाहीत हो. अहो बोलले नाहीत म्हणून तर ते चांगले न्यायाधीश! साक्ष पूर्ण व्हायच्या आधी जो मत दाखवतो त्याच्यापुढे पुढचा साक्षीदार मोकळेपणाने बोलतच नाही. घाबरलेला माणूस अडखळतो आणि अडखळणारा खोटा वाटतो, पण शिकवलेला खोटारडा कधी अडखळत नाही. जूडी माणसाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते की हा खोटं बोलतोय, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर असेलही, पण उरलेल्या दोघांचं काय? त्यांचा अपमान देशभर दिसला आणि त्यांना अपील नाही.

मात्र तुमच्या घरी एक गोष्ट जरूर सांगा, जूडीची एक सवय मला मनापासून पटते. ती कागद मागते. पावती कुठे, मेसेज दाखव, तारीख काय होती, फोटो कुठाय. तो म्हणाला ती म्हणाली हे ती ऐकतच नाही. आपल्याकडे लोक लाखभर रुपये तोंडी देतात, नातं खराब होईल म्हणून चिठ्ठीसुद्धा घेत नाहीत, आणि मग नातंही जातं आणि पैसेही. निदान पैसे बँकेतून पाठवा आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका की अमुक रक्कम उसनी दिली, अमुक तारखेला परत, आणि समोरून ‘हो’ येऊ द्या.

किरण बेदींचा असा कार्यक्रम होता ना हिंदीत? मराठीत कोणी का काढत नाही? किती लोकांची भांडणं मिटतील!
— जळगाव

होता. आप की कचहरी, स्टार प्लसवर, डिसेंबर 2008 मध्ये सुरू झाला. बेदी मॅडम त्याच्या आदल्याच वर्षी पोलीस सेवेतून बाहेर पडल्या होत्या, लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि त्या बऱ्याच वेळा निवाड्यापेक्षा समजुतीकडे जायच्या.

पण तिथे एक फरक लगेच दिसायचा. अमेरिकेतल्या शोमध्ये भांडणं बहुतेक पैशाची, फुटलेल्या गाडीची. आपल्याकडे कॅमेरा लावला की समोर येतं ते घर. सून, सासू, नवरा, जमिनीची वाटणी, आईला कोण सांभाळणार. आणि हे टीव्हीवर आणायला माझा स्पष्ट विरोध आहे. फॅमिली कोर्टाच्या 1984 च्या कायद्यात मुद्दाम तरतूद आहे की एका पक्षाने जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात मी काही प्रकरणं चालवलीत, तिथे नवरा-बायको जे बोलतात ते त्यांच्या मुलांनी वीस वर्षांनी यूट्यूबवर बघावं असं कोणाला वाटेल? तडजोड झाली तरी गावात परत जायचं असतं, त्याच आळीत राहायचं असतं, आणि आळीतल्या प्रत्येकाने ते भांडण बघितलेलं असतं.

भांडण लवकर मिटावं ही तुमची तळमळ रास्त आहे, त्यासाठी लोकअदालत आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने तिला अधिकार दिलाय. दोघांची तडजोड झाली की तिथला निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा समजला जातो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. चेक बाउन्स, अपघाताची भरपाई, बँकेची थकबाकी यांना फार उपयोग होतो. दावा अजून लावलाच नसेल तरीही जाता येतं, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. आणि दुकानदार, कंपनी, बिल्डर यांच्याशी भांडण असेल तर ग्राहक आयोग, वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत तक्रार करा. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, बऱ्याचदा कंपनी तिथेच वठणीवर येते.

ताई, मी एडिसनला असतो. अपार्टमेंट सोडून तीन महिने झाले, मालक डिपॉझिट देत नाही, कार्पेट खराब केलं म्हणतो. रूममेट म्हणतोय टीव्हीच्या कोर्टात अप्लाय करू, मजा पण येईल. जावं का?
— न्यू जर्सी

नको जाऊस. तुझी केस मजबूत आहे आणि टीव्हीत गेलास तर तिची ताकदच वाया जाईल.

न्यू जर्सीत घर सोडल्यावर 30 दिवसांत मालकाने डिपॉझिट व्याजासकट परत द्यायचं असतं, काही कापलं असेल तर त्याचा हिशोब लेखी द्यायचा असतो. ते केलं नाही आणि कोर्टात तू जिंकलास तर चुकीचं अडवून ठेवलेल्या रकमेच्या दुप्पट मिळते. दुप्पट! आणि वापराने कार्पेट झिजलं तर ते नुकसान धरत नाहीत. हे तुझ्या मालकाला माहीत असणार, तुला माहीत नाही असं तो धरून चाललाय.

आधी एक साधं पत्र लिही, त्यात सोडल्याची तारीख, रक्कम, नवा पत्ता, आणि अमुक दिवसांत नाही दिलेत तर दुपटीसाठी दावा लावीन एवढंच. सर्टिफाइड मेलने पाठव, पावती जप. नाही आलं तर स्मॉल क्लेम्स, तुमच्याकडे तिथली मर्यादा 5,000 डॉलर आहे, दुप्पट धरून त्याच्या वर जात असेल तर स्मॉल क्लेम्स ज्या विभागात येतं त्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्येच पण मोठ्या रकमेच्या दाव्यात जा, ते 20,000 पर्यंत घेतात. मालक त्याच काउंटीतला असेल तर कोर्ट न्यू ब्रुन्सविकला, तुला जवळच आहे. राहायला गेलास तेव्हाचे आणि सोडतानाचे फोटो, भाडं दिल्याचे पुरावे, करार, सगळं प्रिंट काढून ने, फोनमध्ये दाखवतो म्हणू नकोस. आणि व्हिसावर आहेस म्हणून घाबरू नकोस, आपले पैसे मागायला दिवाणी कोर्टात जाणं हा गुन्हा नाही.

टीव्हीवर गेलास तर मालकाच्या खिशातून काही जाणार नाही, म्हणजे पुढच्या भाडेकरूशी तो हेच करणार. आणि तो भाग नेटवर कायम राहील, उद्या नोकरी देणारा तुझं नाव टाकून शोधेल तेव्हा आधी कार्पेटचं भांडण दिसेल.

खरं कोर्ट बघायचं असेल तर सामान्य माणसाला आत सोडतात का?
— कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

सोडतात, कोर्ट खुलंच असतं, कायद्यानेच. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात तेवढी सोडून. घरबसल्या बघायचं तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांचं कामकाज 27 सप्टेंबर 2022 पासून लाइव्ह दिसतं, आणि त्या पहिल्याच दिवशी आपल्याकडच्या शिवसेनेच्या दोन गटांचा खटला होता, पुण्यात चहाच्या टपरीवर लोक मोबाइलला मोबाइल लावून घटनापीठ बघत होते, मी स्वतः त्यात उभी होते.

पण एकदा तुमच्या जिल्हा कोर्टात जाच. अकराच्या आधी पोचा, बाहेर बोर्ड लावलेला असतो त्यात कुठल्या हॉलमध्ये कुठली कामं ते बघा, दिवाणीचा एखादा हॉल निवडा जिथे पुरावा चालू आहे, मोबाइल बंद करा, मागच्या बाकावर बसा. पहिला तासभर नुसते पुकारे आणि तारखा, कंटाळा येईल, उठू नका. जेवणाच्या सुट्टीनंतर एखाद्या म्हाताऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी लागली तर ती पूर्ण ऐका आणि त्या वेळी न्यायाधीश काय करतायत तिकडे लक्ष ठेवा. मग मला लिहा काय दिसलं ते.